हातोडा बाजूला ठेवणारी बाई

"पोरगं कॉमिक्सवरून भांडतं, धड जेवत नाही. टॅबचं व्यसन लागलं का हो?" असं विचारत महिन्यातून एखादं तरी कुटुंब माझ्याकडे समुपदेशनासाठी येतं. कधी कॉमिक्सच्या जागी गेम असतो, कधी क्रिकेट. घाबरलेला चेहरा तोच.

मागच्या हिवाळ्यात भुसावळहून एक जोडपं आलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते, मुलाला सुजय म्हणू. वडील रेल्वेत, आई घरी शिकवण्या घेते, सुजय नववीत. आईने सुरुवात थेट जेवणापासून केली. "भरताची वांगी आली, कळण्याची भाकरी केली, ठेचा केला. हा दोन घास खाऊन उठला!" खान्देशात हे लक्षण मी तरी हलक्यात घेत नाही. गावाकडून आजीचा फोन आला, "मना पोऱ्याले काय व्हयनं?" आणि मग वडिलांनी माझा नंबर शोधला.

2025 मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकन कॉमिक्स कंपन्यांनी आपापले नायक, डेडपूल आणि बॅटमॅन, यांना एकत्र आणलं. त्या निमित्ताने सुजय आणि त्याचा जिवलग दोस्त तुषार यांना 1996 ची जुनी मालिका सापडली. चार अंकांची, दोन्हीकडचे नायक समोरासमोर. त्यातल्या पाच मुख्य लढतींचा निकाल लेखकाने नाही, वाचकांच्या मतांनी लागला. त्यावरून दोघांचं वाजलं आणि पंधरा दिवस बोलणं बंद. घरच्यांनी टॅब कपाटात टाकला. मग तर जेवणही बंद झालं.

पहिल्या भेटीत मी चुकले. "रोज किती तास बघतोस?" असं विचारलं. "दीड," तो म्हणाला. त्यानंतर पाऊण तास मी त्याच्या बुटांच्या नाड्या बघत बसले.

दुसऱ्या वेळी मी खरं तेच सांगितलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. हरलं कोण, जिंकलं कोण, नीट सांग."

त्याने माझ्या पॅडवर पाच ओळी आखल्या. सुपरमॅनने हल्कला हरवलं. स्पायडरमॅनने सुपरबॉयला. बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला. वुल्व्हरिन आणि लोबो यांची मारामारी बारमध्ये सुरू होते, दोघं काउंटरमागे पडतात, आणि थोड्या वेळाने वुल्व्हरिन एकटाच सिगार ओढत वर येतो. "मधलं काही दाखवलंच नाही मॅडम! लोबो असा हरेल का? त्याला मतं कमी पडली म्हणून काउंटरमागे ढकलला." मला हसू आलं, त्यालाही आलं. पाचवी ओळ त्याने दोनदा गिरवली. मार्व्हलच्या स्टॉर्मने डीसीच्या वंडर वुमनला हरवलं, भांडण इथेच होतं.

गोष्ट अशी. त्या मालिकेत मार्व्हलचा नायक थोर याचा हातोडा वंडर वुमनच्या हाती लागतो. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येतो, आणि तिला तो उचलता येतो. पण स्टॉर्मशी लढायच्या आधी ती तो बाजूला ठेवते, कारण तो घेऊन लढणं बरोबरीचं होणार नाही. आणि मग ती हरते. सुजय वंडर वुमनच्या बाजूचा. तुषारचं म्हणणं, मतं म्हणजे मतं, विषय संपला. वर वर्गातली पोरं सुजयला चिडवत होती, "बायकांची बाजू घेतो."

मी विचारलं, "तिने हातोडा ठेवायला नको होता का?"

तो पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ठेवायलाच पाहिजे होता. पण मग हरायला नको होतं."

त्यानंतर कबड्डी बाहेर आली. शाळेच्या संघाचा कॅप्टन निवडायचा होता. सर म्हणाले होते, "तुलाच करतो." यानेच सांगितलं, "नको सर, मतं घ्या." हात वर झाले: याला पाच, दुसऱ्याला नऊ. त्या नऊमध्ये तुषारचा हात होता. हे त्याने घरी कुणाला सांगितलं नव्हतं. वंडर वुमनबद्दल मात्र पंधरा दिवस बोलत होता.

आई-वडिलांना मी टॅब परत द्यायला सांगितलं. "एवढ्याशा गोष्टीवरून" हे दोन शब्द महिनाभर वापरायचे नाहीत, हेही. वडील गप्पच होते. मग मी सहज विचारलं, तुम्ही लहानपणी काय वाचायचात? माणूस खुर्चीत पुढे सरकला. स्टेशनजवळच्या दुकानातून राज कॉमिक्स भाड्याने आणायचे, आठ आण्याला एक रात्र. नागराज मोठा की ध्रुव, यावरून भावाशी कॉलरीला हात. ते ध्रुवच्या बाजूचे, कारण "त्याच्याकडे शक्ती काही नाही मॅडम, सर्कशीत वाढलेला पोरगा, नुसत्या डोक्यावर लढतो." सुजय बापाकडे असा बघत होता, जसं घरात कुणी नवीन माणूस आलंय.

तुषारला माफ कर, असं मी सुजयला सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नाही, आणि अशी सांगून केलेली माफी टिकतही नाही. हात का वर केलास, एवढं त्यालाच विचार, म्हटलं. विचारलं त्याने. उत्तर मिळालं, "तू रेडला जातोस तेव्हा मागे कोण उभंय ते बघतच नाहीस." याचा राग आणखी चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी दोघं एकाच सायकलवर दिसले, असं आईने फोनवर कळवलं. भरीत संपल्याचंही.

असं प्रत्येक वेळी होत नाही. झोप, भूक, शाळा, मित्र हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त कोलमडलं असेल, किंवा मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर कॉमिक्सची चर्चा करत बसू नका. डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

शेवटच्या भेटीला तिघं आले. निघताना सुजय आईबरोबर पुढे गेला, आणि वडील दारात रेंगाळले. वाटलं, फीचं काही असेल.

"मॅडम, एक विचारू? त्या काउंटरमागे नक्की काय झालं असेल हो?"