जुन्या टँकसोबत आलेली काळी-पांढरी ईल नेमकी कोणती, कसं ओळखायचं?

म्हणजे वापरलेला खाऱ्या पाण्याचा टँक तुम्ही दगडांसकट घेतलात, तीन आठवड्यांनी एका दगडाखालून फूटभर ईल (सापासारखा लांब मासा) डोकावताना दिसली, पांढरट अंगावर काळे डाग. दुकानदार म्हणाला, "स्नोफ्लेक आहे, गरीब असते." आणि मधल्या काळात दोन डॅमसेल (छोटे मासे) गायब झालेत.

दुकानदाराचं बरोबर असेलही. पण 'पांढऱ्यावर काळे डाग' या वर्णनावर मी स्वतः एकदा फसलोय. स्नोफ्लेक म्हणून आणलेली माझी ईल कोळंबी आवडीने खायची, तरी अधूनमधून टँकमधला एखादा मासा कमी व्हायचा. मी आपला पाणी तपासत बसलो. एका रात्री तिने जांभई दिली आणि आत सुयांसारखे दात दिसले. हनीकोम्ब मोरे निघाली ती. मोरे हा ईलचा एक गट, स्नोफ्लेकही त्यातलीच.

आधी ती मोरे आहे ना, हे बघून घ्या. मोरेला कल्ल्यांमागचे पर नसतातच. तिथे फक्त एक छोटं गोल भोक दिसतं. पंख्यासारखे पर हलताना दिसले तर ती मोरे नाही. दगडाखाली बिळं करणाऱ्या इंजिनीअर गोबी नावाच्या माशाला लोक बऱ्याचदा ईल समजतात. तोंडाभोवती मिशा असतील तर मात्र हात लांब ठेवा, कारण पट्टेरी सागरी कॅटफिशच्या काट्यांत विष असतं. दिवसभर वाळूत पुरून घेणारी, टोकदार कडक शेपटीची असेल तर ती स्नेक ईल.

मोरेच आहे असं धरू. आता डाग नीट बघा. स्नोफ्लेकच्या (शास्त्रीय नाव एकिड्ना नेब्युलोसा) अंगावर काळ्या डागांच्या दोन रांगा असतात. डागांच्या कडा फाटक्या, फांद्या फुटल्यासारख्या असतात आणि डागांच्या आत पिवळे ठिपके. तोंडाचा पुढचा भाग पांढरा, आणि पुढच्या नाकपुड्यांच्या नळ्या पिवळ्याधमक. हनीकोम्बचे (जिम्नोथोरॅक्स फॅव्हाजिनियस) डाग भरीव काळे असतात, कडेने स्वच्छ, मधे पांढऱ्या रेषांचं जाळं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. आतले पिवळे ठिपके तिच्यात नसतात. हा फरक एकदा डोळ्यात बसला की लांबूनही कळतो, पण फोटो टँकच्या निळ्या दिव्यात काढलात तर पिवळं काहीच दिसणार नाही. पांढरा दिवा लावूनच काढा.

तरीही माझा शेवटचा भरवसा दातांवर. स्नोफ्लेकचे बहुतेक दात बोथट असतात, खेकडे-कोळंबीची कवचं फोडायला. जिम्नोथोरॅक्स गटातल्या हनीकोम्बचे लांब आणि अणकुचीदार, निसटता मासा धरायला. चिमट्याने कोळंबीचा तुकडा पुढे करा आणि दुसऱ्या कुणाला तरी फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. तोंड उघडं-मिट करत राहते म्हणून ती चिडलीय असं समजू नका. मोरे श्वासच तसा घेतात. हाताने मात्र खाऊ घालू नका. त्यांची नजर अधू असते, वासावर चालतात, आणि कोळंबीचा वास लागलेलं बोट तिच्यासाठी कोळंबीच. त्यात घशात दुसरा जबडा असतो, तो पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो. हे सगळं नेमकं कसं चालतं ते 2007 मध्ये संशोधकांनी चित्रीकरण करून दाखवलं. बोट सोडवायला ओढलंत तर जखम आणखी फाटते.

डॅमसेल गायब झाले म्हणून ती हनीकोम्बच, असंही म्हणता येणार नाही. झोपलेला किंवा आजारी छोटा मासा स्नोफ्लेकही गट्ट करते. आपोआप मेलेला मासा खेकडे रातोरात साफ करतात, तोही एक प्रकार आहेच.

नाव का महत्त्वाचं, तर स्नोफ्लेक साधारण पाऊण मीटरच्या आसपास थांबते, फार तर एक मीटर. हनीकोम्ब तीन मीटरपर्यंत जाऊ शकते. ती घरच्या टँकमध्ये ठेवण्याचा विचारही मी करणार नाही. आताच, फूटभर आहे तोवर, मोठी जागा असलेल्या कुणाकडे सोपवा. माझी मी उशिरा दिली. तोवर ती एवढी दांडगी झाली होती की पकडायला दोघं लागले.

ओळख पटेपर्यंत एक काम आजच करा. टँकचं झाकण घट्ट बसवा, पाइप आणि वायर जिथून आत जातात त्या फटीही जाळीने बंद करा. मोरे अंगठ्याएवढ्या फटीतूनही बाहेर पडतात. सकाळी जमिनीवर वाळलेली सापडलेल्या ईलची हकीकत या छंदात जुन्या माणसाला विचारा, एक तरी असतेच.

फोटो टाकणार असाल तर डोकं बाजूने, नाकपुड्या दिसतील असं, आणि अंगावरच्या एका डागाचा जवळून. शेपटीचा नको, त्यावरून काही ठरत नाही.