पहिली पाच मिनिटं तुझी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा सोमवारचा मेल तुझ्या आईने मला पुढे पाठवला. वर लिहिलं होतं, 'काकू, तुम्ही त्याला जरा धीर द्या.' धीर द्यायला आपल्या मॉर्मन चर्चच्या शाखेत माणसांची वानवा नाही, ते काम मी त्यांच्यावर सोडते. तू मिशनरी म्हणून फिलिपिन्सला, सेबूत का गेलास, कुणाच्या नावाची पाटी छातीवर लावून फिरतोस, हे मी तुला सांगायचं कारण नाही.

जोडीच्या मिशनऱ्याबद्दलचं मेलमधलं एकच वाक्य मला खटकलं. 'साथीदार इथलाच आहे, छान बोलतो, म्हणून मी बहुतेक गप्पच असतो.' बाप्तिस्मे होत नाहीत, लोक हो म्हणून रविवारी चर्चला येत नाहीत, पुण्याला परत यावं का, हे बाकीचं सगळं रडगाणं त्या एका वाक्यातून निघालंय. तुला जाऊन चार महिने झाले. पहिल्या बारा आठवड्यांचं प्रशिक्षण केव्हाच संपलं. आणि तू अजून लोकांच्या घरी पाहुण्यासारखा बसतोस.

तर ऐक. कुठल्याही घरी गेलात की पहिली पाच मिनिटं तुझी. मोडकंतोडकं बोल, चुकीचं बोल, पण ती पाच मिनिटं साथीदाराला द्यायची नाहीत.

पहिलीच का? घरातली माणसं बसल्या बसल्या ठरवतात की या दोघांत बोलणारा कोण आणि सोबत आलेला कोण. एकदा ठरलं की पुढचा तासभर त्यांचे डोळे साथीदाराकडे. मग तू मध्येच तोंड घातलंस तर ते हसून मान डोलावतात आणि उत्तर त्यालाच देतात. हे त्यांचं चुकत नाही. शिवाय त्या पाच मिनिटांत जे बोलायचं असतं ते नवशिक्याला झेपेल एवढंच असतं. वेळेप्रमाणे 'माआयोङ बुंताग', शुभ सकाळ, किंवा 'माआयोङ हापोन', शुभ दुपार. आजी-आजोबा असतील तर त्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा, याची लाज तुला वाटू नये, तू नमस्काराच्या घरातला आहेस. नावं, मुलांची चौकशी, मागच्या वेळी दिलेला अध्याय वाचला का, आणि सुरुवातीची प्रार्थना. झालं. पुढचा धडा साथीदाराने सुरू करू दे.

आता तुझा फायदा सांगते. तुझ्या प्रशिक्षण केंद्रातल्या अमेरिकन पोरांना जे वर्षभर उमगत नाही ते तुला जन्मतः येतं. सेबूच्या भाषेत, सेबुआनोत, 'किता' म्हणजे आपण आणि 'कामी' म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून ती पोरं प्रार्थनेत देवालाही 'आपण'मध्ये ओढतात. तुला विचार करायची गरज नाही. प्रभूच्या प्रार्थनेत 'आमाहान नामो', आमच्या पित्या. समोरच्या कुटुंबाला रविवारी सोबत न्यायचं असेल तर किता. तिथे कामी म्हटलंस तर तुम्ही दोघे जाताय आणि त्यांना नुसतं कळवताय, असा अर्थ होतो.

क्रियापदांचंही तेच. 'मोबासा को', मी वाचेन. 'नागबासा को', मी वाचतोय. पण 'गिबासा नाको आङ लिब्रो' म्हटलं की वाक्याचा मान पुस्तकाकडे जातो. 'मी पुस्तक वाचलं, मी पोथी वाचली' यात आपलं क्रियापद 'मी'ला सोडून पुस्तकामागे जातंच ना? तसंच धर. इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शिक. वहीत डाव्या पानावर मराठी लिही. तू इंग्रजीतून शिकतोयस म्हणून अडतोयस, हे मी पैजेवर सांगते.

दोन ठिकाणी मात्र मराठी मदत करणार नाही. पहिलं, शब्दाच्या सुरुवातीचा ङ. आपण तो वाङ्मयात मध्ये म्हणतो, सुरुवातीला कधीच नाही. नाव म्हणजे 'ङालान'. तू 'नालान' म्हणत असणार, आणि तोच घरातला पहिला प्रश्न. वाङ्मयमधला 'वा' गिळून उरलेलं बोल, आंघोळीच्या वेळी, मोठ्याने. दुसरं, नकार. 'दिली' आणि 'वाला'. पुढे होणाऱ्या गोष्टीला आणि 'मी अमुक नाही' म्हणायला दिली. जे झालं नाही, होत नाहीये किंवा मुळात नाहीच, त्याला वाला. सकाळी अशी दहा वाक्यं पाड, आठवड्यात जिभेवर बसेल.

आणि अहो-जाहो शोधत बसू नकोस. मनिलाकडच्या टागालोगमध्ये आदराचा 'पो' आहे, सेबूत तो चालत नाही. तिथे मान नात्याने देतात. वयाने मोठा पुरुष मानोङ, बाई मानाङ, वडीलधारे ताताय, नानाय. चर्चमधले तेवढे ब्रदर-सिस्टर.

आता त्या 'बुम्बाय'चं. तुला ते लागलंय, मेलमध्ये दोनदा आलंय. गल्लीतली पोरं बुम्बाय म्हणून ओरडतात आणि एका बाईने तुला बघून फाटकाची कडी लावली. अरे, ती तुझ्या धर्माला घाबरली नाही, हप्त्याला घाबरली. फिलिपिन्समध्ये भारतीय माणूस म्हटला की मोटरसायकलवरून वसुली करत फिरणारा सावकार डोळ्यांसमोर येतो. मूळचे बहुतेक पंजाबकडचे. धंद्याचं नावच फाइव्ह-सिक्स: पाच घ्या, सहा परत करा, म्हणजे वीस टक्के. टपरीवाली, मासेवाली, सगळ्यांचं खातं त्यांच्याकडे. आणि या सावकारांना नाव पडलं आपल्या मुंबईचं, बुम्बाय. तू नेमका त्या मुंबईच्या शेजारून गेलास, सावळा, पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीत वही. कडी लावणारच.

तू काय करतोस, तर मागे सरतोस आणि साथीदाराला पुढे करतोस. त्याने संशय वाढतो. स्थानिक माणूस पुढे आणि बुम्बाय मागे वही घेऊन, म्हणजे वसुलीच! पहिली पाच मिनिटं तुझी, हे इथे तर दुप्पट लागू. वही पिशवीत ठेव, हात मोकळे ठेव, फाटकापासून दोन पावलं मागे उभा राहा आणि हसून म्हण, 'दिली को मानिनिङिल.' मी वसुलीवाला नाही. लोक हसतात. बुम्बायच्या तोंडून सेबुआनो ऐकून निम्मी भीती जाते. जाता जाता, सेबुआनो बायबलात जकातदारांसाठी हाच मानिनिङिल आहे. येशूचा शिष्य मत्तय आधी कोण होता ते तुला ठाऊक आहे, कधी जमलं तर वापर.

पाठांतराबद्दल. तू आपल्या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला १८२० साली झालेल्या पहिल्या दर्शनाचा उतारा सेबुआनोत पाठ केलास, चांगलं केलंस. पण पाठ केलेलं अस्खलित येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं याला भाषा येते. तो लगेच भरभर प्रश्न विचारतो, तुझी दातखीळ बसते, आणि साथीदार झडप घालतो. यावर इलाज म्हणजे आणखी पाठांतर नाही. लोक तेच ते प्रश्न विचारतात: तुम्ही कॅथलिक का नाही, कॉफी का नाही, सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या मूर्तीच्या, जत्रेला जाऊ का, भारतात गोमांस खातात का, लग्न झालं का. प्रत्येकाचं दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेव, तीन नाही. तिसऱ्या वाक्यात व्याकरण कोसळतं. आणि जत्रेची टिंगल तुझ्या तोंडून चुकूनही नको. ती मूर्ती १५२१ पासून सेबूत आहे, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी अख्खं शहर तिच्यासाठी रस्त्यावर असतं. आपलं फिलिपिन्समधलं काम १९६१चं.

साथीदाराशी हे फाटकापाशी ठरवायचं नाही. साप्ताहिक नियोजनाच्या शेवटी दोघांनी एकमेकांशी मोकळं बोलायचं असतं ना, तिथे ठरवा. तुम्ही ते दोन मिनिटांत 'सगळं ठीक' म्हणून उरकत असणार, सगळेच उरकतात. त्याला सांग: मी अडलो तर मनात दहापर्यंत मोज, मग बोल. त्याला तीन सेकंदांची शांतता सहन होत नाही, हा त्याचा चांगुलपणा आहे आणि तोच तुला बुडवतोय. त्याला इंग्रजी सुधारायचं असेल, बहुतेकांना असतं, पुढे नोकरीला लागतं. सौदा कर: रात्री घरी परतल्यापासून साडेदहाला दिवा मालवेपर्यंत इंग्रजी, मी तुझ्या चुका दुरुस्त करतो. उरलेला दिवस सेबुआनो, जेवतानाही, भांडतानाही.

सकाळच्या भाषेच्या अर्ध्या तासाचं असं कर. दहा मिनिटं सेबुआनोतला मॉर्मनचा ग्रंथ मोठ्याने वाच, अर्थ लागो न लागो, जिभेसाठी. दहा मिनिटं काल जी तीन वाक्यं म्हणता आली नाहीत त्यांच्यावर. ती रात्रीच वहीत मराठीत लिहून ठेवायची, सकाळी आठवत नाहीत. उरलेली दहा मिनिटं आजच्या पहिल्या घराची पाच मिनिटं साथीदारासमोर बोलून बघ. फोनमधल्या ॲपवर सुटे शब्द गिरवत बसू नकोस. सुट्या शब्दांनी माणूस बोलता होत नाही.

रविवारी लोक येत नाहीत त्याचं उत्तरही यातच आहे. तोंडावर नाही म्हणणं तिथे उद्धटपणा, म्हणून सगळे हो म्हणतात. त्या होकारावर विसंबून आठवड्याच्या अहवालात आकडे भरलेत की रविवारी फजिती ठरलेली. होकारानंतर विचारायचं: कितीला निघाल? ट्रायसिकलने, म्हणजे तिकडच्या रिक्षाने, की चालत? धाकट्याला कोण बघेल? वेळ सांगताना स्पॅनिश आकडे, नऊला 'आलास नुयबे'. वस्तू मोजायचे आकडे, उसा, दुहा, तुलो, वेळेला चालत नाहीत. जे लोक ट्रायसिकलचं नाव काढतात त्यांचा होकार खरा. 'बघू' म्हणतात त्यांच्याकडे शनिवारी संध्याकाळी पुन्हा जा, शेजारच्या एखाद्या सभासदाला घेऊन. आणि पुन्हा गेलास तरी पहिली पाच मिनिटं तुझीच.

तुझी आई म्हणेल, काकूंना भाषेचं वेड आहे, पोरगा तिकडे कोमेजतोय. शाखेतही कुजबुज असते की मी सगळं व्याकरणावर आणते, पवित्र आत्म्याचं काम विसरते. मी काही विसरत नाही. आत्मा त्याचं काम करील, त्यासाठी तुझं तोंड उघडं हवं. १८५२ साली आपल्या चर्चचा मिशनरी ह्यू फिंडले ब्रिटनहून मुंबईत उतरला, पुण्यात त्याने छोटी शाखा उभी केली. छावणीतल्या गोऱ्यांपुरतं राहणं त्याला सोपं होतं. तो मराठीकडे वळला, मराठी माणसांसाठी पत्रक काढलं. शाखा टिकली नाही, हे मलाही माहीत आहे, ते तोंडावर फेकू नका. पण आपल्या लोकांशी आपल्या भाषेत बोलायचा प्रयत्न तेव्हा झाला, आणि तू आज साथीदार चांगला बोलतो म्हणून गप्प बसतोस?

परत येण्याबद्दल. तुला दिलेल्या ताणाच्या पुस्तिकेत ताण किती ते सांगणारे चार रंग आहेत, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. तुझा मेल वाचून मला पिवळा वाटला, पण मी पुण्यात बसून वाचतेय. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठवतच नसेल, नको ते विचार येत असतील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आजच मिशन अध्यक्षांना फोन कर. त्यांच्याकडे यासाठी सल्लागार असतात, आणि त्या कारणाने कुणी लवकर परत आलं तर मी त्याच्या बाजूने भांडेन. ते नसेल तर ट्रान्सफरच्या आसपास कुठलाही निर्णय घेऊ नकोस. सहा आठवड्यांनी साथीदार बदलू शकतो, गाव बदलू शकतं. चोवीस महिन्यांत असे सतरा तुकडे पडतात, तुझे अजून तीन झालेत.

घरच्या सोमवारच्या फोनला कात्री लाव. २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा आहे, चांगलंच आहे, पण दोन दोन तास बोलून तू मंगळवारी सेबूत नसतोस. पाऊण तास पुरे. त्यातली पहिली पाच मिनिटं आईशी सेबुआनोत बोल, तिला काही कळणार नाही, ती हसेल, बोल तरी.

येत्या सोमवारी मला वेगळा मेल टाक. पहिल्या पाच मिनिटांत काय बोललास, कुठे अडलास, साथीदार कितीव्या सेकंदाला मध्ये पडला, एवढंच. 'काकू, मी ठीक आहे' असला मेल आला तर उत्तर मिळणार नाही.

तुझी,
काकू

ता. क. पाऊस सुरू आहे. पायाला जखम असेल तर तुंबलेल्या पाण्यातून चालू नकोस, लेप्टोचा ताप तिकडेही आपल्या मुंबईसारखाच येतो. चाललासच आणि ताप आला, तर सोमवारची वाट न बघता मिशनच्या नर्सला सांग. तिच्याशी इंग्रजीत बोललास तरी चालेल.