इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा फिजिक्स आणि कॅल्क्युलसचा होमवर्क कुणाकडून सोडवून घेता येईल?

तू लिहिलंस ते असं: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता मेकॅनिकलचं पहिलं वर्ष. फिजिक्स आणि एम-वनची (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताची, म्हणजे कॅल्क्युलसची) असाइनमेंट एकाच आठवड्यात द्यायची आहे. त्यातल्या विहिरीच्या गणितात मागे उत्तर २९४० ज्यूल दिलंय आणि तुला काही केल्या ३९२० येतंय. कुणी सोडवून देईल का? (सरळ 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस. तुझ्या वयाची सात-आठ पोरं रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर वह्या घेऊन बसलेली असतात, जिभेला तीच सवय लागलीय.)

सोडवून देणारे पैशाला पासरी आहेत. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीच्या फाइली असतात, सीनियर असतात, आणि आता तर गणिताचा फोटो काढून ॲपला दिला की चहा गाळून होईपर्यंत उत्तर हजर. मी यातलं काहीच केलं नाही असं सांगितलं तर खोटं होईल. आमच्या वेळी ॲप नव्हतं, पण ड्रॉइंगच्या शीटची काचेखाली बल्ब लावून जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायचो तशीच एम-वनची अख्खी असाइनमेंट मी रूममेटच्या वहीतून छापली होती. अक्षर सुंदर, समासाला लाल रेघ. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी एका इंटिग्रेशनच्या शेवटी बोट ठेवलं आणि विचारलं, "हा डीएक्स कशाला लिहिलाय?" मला खरोखर वाटायचं की तो पूर्णविरामासारखा असतो, इंटिग्रेशन संपलं की द्यायचा. मी तेच बोललो. सर हसलेसुद्धा नाहीत, त्यांनी वही मिटून परत दिली. त्या सेमिस्टरला एम-वनला केटी लागली, म्हणजे विषय राहिला.

तो डीएक्स मला पुढं कळला तो आमच्या गावच्या विहिरीवर, आणि तुझं गणितही नेमकं विहिरीचंच आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

गणित असं: विहीर २० मीटर खोल. पाण्यासकट पोहरा १० किलोचा. दोराचं वजन दर मीटरला अर्धा किलो. पोहरा वर आणायला किती काम करावं लागेल? तू केलंस ते असं दिसतंय: दोर २० मीटर, म्हणजे १० किलो. पोहरा १० किलो. एकूण २० किलो, गुणिले ९.८ (गुरुत्वाचं त्वरण), गुणिले २० मीटर. झाले ३९२०.

आता कधी पाणी शेंदलं असशील तर आठव. रहाट नसलेल्या विहिरीवर, कठड्याशी उभं राहून, नुसत्या हातानं. पहिले चार हात ओढताना खांदे भरून येतात. पोहरा कठड्याजवळ आला की तोच हलका वाटतो. पाणी तर सांडलेलं नसतं, मग हलकं काय झालं? लोंबणारा दोर कमी झाला. ओढलेला दोर पायाशी वेटोळं होऊन पडलाय, त्याचं वजन आता जमिनीवर. तू मात्र शेवटच्या हातापर्यंत सगळा २० मीटर दोर उचलत राहिलीस. तुझे जास्तीचे ९८० ज्यूल तिथं गेले.

मग बरोबर कसं करायचं? इंटिग्रेशनचं नाव बाजूला ठेव आणि वहीत नुसती बेरीज कर. विहिरीचे पाच-पाच मीटरचे चार टप्पे पाड. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला जेवढं वजन लोंबतंय तेवढंच टप्पाभर राहतं असं धर: २०, १७.५, १५, १२.५ किलो. बेरीज ६५. गुणिले ५ मीटर, गुणिले ९.८, उत्तर ३१८५. ३९२० वरून बरंच खाली आलं. आता एक-एक मीटरचे वीस टप्पे घे: २०, १९.५, १९ असं करत १०.५ पर्यंत. बेरीज ३०५, गुणिले ९.८, उत्तर २९८९. टप्पे आणखी बारीक केलेस तर उत्तर २९४० कडे सरकत जातं आणि तिथंच थांबतं.

त्या टप्प्याची लांबी म्हणजे डीएक्स. शेंदताना एका हाताला जेवढा दोर येतो तेवढा, फक्त कल्पनेत हवा तितका आखूड केलेला. तो पूर्णविराम नव्हे, गुणाकारातला एक आकडा आहे: त्या क्षणाचं बल गुणिले हातभर दोर. आणि त्याच्या अलीकडची ती लांबट खूण म्हणजे ताणलेला एस. जर्मन गणिती लाइबनिट्झनं १६७५ मध्ये 'सुम्मा' म्हणजे बेरीज या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर लांबवून ती केली. आपल्याकडं इंटिग्रेशनला संकलन म्हणतात, म्हणजे गोळा करणं, मिळवणं. मराठी माध्यमामुळं मागं पडले असं तुला वाटतंय, पण इथं तुझ्या शब्दात अर्थ उघडा आहे. इंग्रजी शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढं काहीच यायचं नाही.

वहीत मांडताना असं लिही: एक्स मीटर दोर ओढून झालाय, तेव्हा खाली २० वजा एक्स मीटर लोंबतोय. त्या क्षणी बल म्हणजे १० अधिक अर्धा गुणिले (२० वजा एक्स), सगळ्याला ९.८ नं गुणायचं. शून्यापासून २० पर्यंत संकलन. पोहऱ्याचे १९६०, दोराचे ९८०, मिळून २९४०. पडताळाही सोपा आहे. सुरुवातीला बल १९६ न्यूटन, शेवटी ९८, आणि मध्ये ते सरळ रेषेत उतरतंय, म्हणून सरासरी १४७. गुणिले २० मीटर, तेच २९४०. सरासरीची ही युक्ती सरळ रेषेपुरतीच, बल वाकडंतिकडं बदलायला लागलं की संकलनाला पर्याय नाही.

माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ पोरांचं फिजिक्स नेमकं इथंच अडतं. बारावीपर्यंत बहुतेक सगळं स्थिर असतं. त्वरण स्थिर, बल स्थिर, मग गतीची ती तीन समीकरणं तोंडपाठ करून मार्क मिळतात. पहिल्या वर्षाला त्वरण वेगावर अवलंबून राहायला लागतं, बल अंतरावर, आणि हात मात्र सवयीनं जुनं सूत्रच लिहून मोकळा होतो. प्रत्येक गणिताला आधी एकच विचार: यात बदलतंय काय, आणि कशाबरोबर? ८० अंशाचा चहा ३० अंशाच्या खोलीत ५ मिनिटांत ६० वर आला, तर १० मिनिटांनी किती? पोरं धडाधड ४० लिहितात. चहा जितका खोलीजवळ येतो तितका सावकाश निवतो, हे रोज बघूनसुद्धा! खोलीपेक्षा फरक ५० चा ३० झाला, म्हणजे पाच मिनिटांत ०.६ पट. पुढच्या पाचात ३० चे १८, म्हणून उत्तर ४८. मोजायचा तो फरक, तपमान नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर अडचण भाषेची कमी आणि ठरावीक शब्दांची जास्त आहे. 'लाइट स्ट्रिंग' लिहिलं की दोराचं वजन धरायचं नाही (तुझ्या गणितात ते लिहिलेलं नव्हतं, बघ). 'स्मूथ' म्हणजे घर्षण नाही. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. 'युनिफॉर्म' म्हणजे सगळीकडं सारखं. 'रेट' दिसला की समोर विकलन (डिफरन्सिएशन) आहे असं समज. असे तीस-चाळीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर मराठीत लिहून काढ, महिन्याभरात ते पान उघडावंही लागणार नाही.

आता मदत कुठं मागायची. आधी वीस मिनिटं स्वतः झटापट, त्याहून जास्त नको, डोकं बधिर होतं. मग अडलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून वही घेऊन जायचं. "सर, हे गणित येत नाही" म्हटलं की सर फळ्यावर पूर्ण सोडवतात, तू उतरवून घेतेस, संपलं. "सर, इथपर्यंत आलंय, इथं चिन्ह उणे का झालं?" म्हटलं की दोन मिनिटांत गाठ सुटते. ॲपलाही असंच विचार. उत्तर मागू नकोस, तुझी चूक कितव्या ओळीत आहे ते माग. वाचायला राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या संकेतस्थळावर फिजिक्स आणि कॅल्क्युलस, दोन्हीची तीन-तीन भागांतली पुस्तकं फुकट आहेत, विषम क्रमांकाच्या गणितांची उत्तरंही मिळतात. व्याख्यानं हवी असतील तर आयआयटींचं एनपीटीईएल आहे, पण ते बघताना झोप आली तर स्वतःला दोष देऊ नकोस, मलाही येते.

एक कडू गोष्ट. कॅल्क्युलसची म्हणून दाखवलेली निम्मी चूक बीजगणिताची निघते. लॉगचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं, कंस सोडवताना पळालेलं चिन्ह. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अकरावीचं पुस्तक रद्दीत घातलं नसशील तर रोज पंधरा मिनिटं ते काढ.

आणि आज रात्री हे कर. तीच विहीर, तोच दोर, पण पोहरा गळका. रिकामा पोहरा २ किलो, त्यात ८ किलो पाणी. वर येईपर्यंत सारख्या प्रमाणात गळून निम्मं उरतं. उत्तर २५४८ ज्यूल यायला हवं. नाही आलं तर कितव्या ओळीला अडलं ते खाली लिही, उद्या संध्याकाळी पोरं गेली की बघतो.