सकाळी पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ येते, एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतंय. चपला बदलून आणि व्यायामाने हे खरंच बरं होतं का?

ताई, होतं. वेळ लागतो, पण होतं. मी स्वतः त्यातून गेलेय म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की वय ४४, शाळेत शिकवता, दिवसाचे पाच-सहा तास उभ्याने जातात. सकाळी उठल्यावर टाचेत सुई घुसल्यासारखं होतं, दहा-पंधरा मिनिटं चाललं की जरा सुसह्य होतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. एक्स-रे बघून कुणीतरी हाड वाढल्याचं सांगितलं, तेव्हापासून घरच्यांनी ऑपरेशनची धास्ती घेतलीय. आणि साडीवर बूट कसे घालायचे हाही प्रश्न आहेच.

माझा साताऱ्यात घरगुती पोळी-भाजीचा व्यवसाय आहे. पहाटे पाच ते दहा मी आणि मदतीला येणाऱ्या एक मावशी ओट्याशी उभ्या असतो. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही ही आमच्या घरची रीत, आणि पायाखाली गुळगुळीत, कडक टाइल्स. २०१९च्या पावसाळ्यात उजव्या टाचेने असा त्रास दिला की पलंगापासून मोरीपर्यंत भिंत धरून जायची. तुमच्यासारखंच, अगदी त्याच जागी.

आधी त्या वाढलेल्या हाडाची भीती मनातून काढून टाका. एक्स-रेत टाचेखाली चोचीसारखं टोक दिसतं ते पाहून वाटतं की हेच आत टोचतंय. पण असं टोक ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत सापडतं, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या कितीतरी जणांना ते नसतंच. दुखतो तो टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत पंख्यासारखा पसरत गेलेला जाड पट्टा. डॉक्टर त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. धनुष्याला दोरी असते तसा हा पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. तुम्हाला तो स्वतःच्या हाताने तपासता येईल. पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, पायाचा अंगठा नडगीकडे मागे ओढा आणि दुसऱ्या हाताने तळव्याच्या मध्यावर, आतल्या बाजूला चाचपा. ताणलेल्या सुतळीसारखी दोरी बोटाला लागेल. तिच्यावरून टाचेकडे सरकत या. हाड सुरू होतं तिथे दाबल्यावर तुमचा श्वास अडकला, तर दुखण्याची जागा तीच.

रात्रभर झोपेत पाऊल खाली कललेलं असतं, त्यामुळे हा पट्टा आखडलेल्या स्थितीत राहतो. सकाळी आपण झटकन उठतो आणि सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकतो. आधीच झिजलेल्या जागी तो एकदम ताणला जातो, म्हणून ती कळ. दुपारी बराच वेळ बसून उठल्यावरही तेच होतं. जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झीज जास्त असते, म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे मुळातून जात नाही. शिवाय त्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

मी आधी ज्या दवाखान्यात गेले तिथे टाचेत इंजेक्शन दिलं. सात-आठ आठवडे इतकं छान वाटलं की मी पुन्हा पहिल्यासारखी अनवाणी ओट्याशी उभी राहिले. नवव्या आठवड्यात दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. स्टिरॉइडचं इंजेक्शन वाईटच असं मी म्हणणार नाही, काही वेळा डॉक्टरांना ते द्यावंच लागतं. पण ते वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते, क्वचित पट्टा तुटतोही. मला वाईट याचं वाटलं की चपला आणि व्यायाम याबद्दल तिथे मला कुणी अवाक्षर सांगितलं नाही.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने विचारलं, "काकू, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" मी म्हटलं, उठते आणि गॅस लावते. ती म्हणाली, "त्याच्या आधी पाय जमिनीला लावायचाच नाही." माझ्या सगळ्या उपचाराचं मर्म त्या एका वाक्यात होतं. तोवर मी जे काही करत होते ते दुखून झाल्यावर करत होते. शेक, तेल, बाम, सगळं संध्याकाळी. टाचेला त्याची गरज पहिल्या पावलाच्या आधी होती.

तर हे असं करा. जाग आली की पलंगावरच बसायचं, पाय खाली सोडायचे नाहीत. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, त्याच बाजूच्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढायची, मघाची सुतळी ताणलेली लागेपर्यंत. दहा आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. सगळं मिळून तीन-चार मिनिटं जातात. मग आणखी दोनदा दिवसात, त्यातलं एकदा तरी बराच वेळ बसून उठण्याच्या आधी. तुमच्या बाबतीत मधल्या सुट्टीनंतर खुर्चीतून उठताना. २००३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जुनी टाचदुखी असलेल्या लोकांचे दोन गट करून पाहिलं, एकाला हा ताण आणि दुसऱ्याला नुसता पोटरीचा ताण. आठ आठवड्यांनी हा ताण देणाऱ्यांना जास्त आराम होता. मांडी घालून पाय ओढणं जमत नसेल तर पाय लांब करून चवड्याला पंचा किंवा जुनी ओढणी अडकवा आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढा. माझा पंचा अजूनही उशाशी असतो.

पोटरीचा ताण सोडायचा मात्र नाही. पोटरी आखडलेली असली की चालताना टाच वेळेआधी उचलली जाते आणि भार तळव्याच्या पट्ट्यावर येतो. भिंतीला हात टेकायचे, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला पक्की आणि अंग पुढे झुकवायचं. तीस आकडे. मग तोच गुडघा थोडा वाकवून पुन्हा तीस, कारण पोटरीत खोलवर दुसरा स्नायू असतो आणि तो गुडघा वाकवल्यावरच ताणला जातो. प्रत्येकी तीनदा. मी तवा तापेपर्यंत ओटा धरून करायची, तुम्ही फळ्याशेजारच्या भिंतीला करू शकता. मुलांनी विचारलं तर त्यांनाही करायला लावा.

सकाळची कळ निम्म्यावर आली की मग ताकदीचा व्यायाम सुरू करा, आधी नको. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवायची, तिच्यावर पायाची बोटं चढवायची, कठडा धरायचा आणि हळूहळू चवड्यांवर उचलायचं. तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमेल तसं एका पायावर. डेन्मार्कमध्ये हा व्यायाम नुसत्या ताणाशी ताडून पाहिला तेव्हा तीन महिन्यांत याने जास्त आराम दिला, वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच झाले होते. म्हणजे हा जमला नाही तरी खचून जाऊ नका, ताण चालू ठेवा.

आता चपला. खरं तर माझ्या मते निम्मं दुखणं इथेच आहे.

दुकानात बूट किंवा सँडल हातात घेतली की तीन गोष्टी करून बघा. ओला कपडा पिळतो तशी पिळा. सहज पिळली गेली तर ठेवून द्या. मग टाच आणि टोक धरून वाकवा. बोटं जिथे वाकतात तिथेच ती वाकली पाहिजे, मधोमध मोडली तर तीही नको. बुटाची टाचेमागची बाजू अंगठ्याने दाबा, ती चेपली जाऊ नये. मऊ म्हणजे चांगलं असं दुकानदार सांगतात, पण अंगठा दाबल्यावर थेट तळाला लागत असेल तर त्या मऊपणाचा उभं राहताना काही उपयोग नाही. आत मऊ आणि खाली भक्कम असं हवं. टाच चवड्यापेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर उंच असली तर उत्तम, कारण त्याने पोटरी आणि पट्टा दोन्ही सैल राहतात. अगदी सपाट चपला आणि रबरी स्लीपर या दुखण्यात फार वाईट. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप कळतं.

साडीवर बूट नको वाटत असतील तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या. पट्टा नसला की चप्पल सुटू नये म्हणून आपण नकळत बोटं आवळत चालतो आणि तळव्यावर उगाच ताण येतो. सँडलमध्ये कमानीखाली उंचवटा आहे ना ते पाहा. बूट घालणार असाल तर आत टाकायचे तयार सोल मेडिकलच्या दुकानात मिळतात, सुरुवातीला तेवढे पुरतात. पायाचं माप देऊन बनवलेले महाग सोल साध्या टाचदुखीत फार वेगळा फरक पाडतात असं अभ्यासात दिसलेलं नाही. सिलिकॉनची टाचेची वाटी घेतलीत तर दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर धरते.

घरातलं अनवाणी चालणं बंद करा, हे मी हात जोडून सांगते. शाळेत दिवसभर चांगली सँडल आणि घरी आल्यावर टाइल्सवर अनवाणी चार तास, असं केलंत तर दिवसाची मेहनत वाया जाईल. मी घरासाठी एमसीआरच्या चपला घेतल्या. हे बारीक छिद्रांचं मऊ रबर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वापरू लागले होते. आज मधुमेहींना आणि टाचदुखीच्या लोकांना तेच सुचवतात. सासूबाईंना स्वयंपाकघरात चप्पल मान्य नव्हती. मी एक कोरा जोड आणला, तो उंबऱ्याबाहेर कधीच नेला नाही, रोज धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पहाटे उठले तर तो जोड माझ्या पलंगाशी आणून, सरळ करून ठेवलेला होता. मला आजही ते आठवलं की भरून येतं. ओट्याखाली जाड रबरी मॅटही टाकली, आणि एक पाय आळीपाळीने पाटावर ठेवून पोळ्या लाटू लागले. तुम्हीही वर्गात एक पाय छोट्या पाटावर ठेवून उभ्या राहू शकता.

कोल्हापुरी मलाही जिवापाड आवडते. पण ती सपाट आणि कडक. बरं वाटेपर्यंत लग्नकार्यातही तास-दोन तासांपलीकडे नको.

घरगुती उपायांचं म्हणाल तर काशाच्या वाटीने तळवे चोळल्यावर मला झोप छान लागायची. तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकही घेतला. तात्पुरतं बरं वाटतं, पहिल्या पावलावर परिणाम शून्य. मधुमेह असेल तर वीट-बिट अजिबात नको, पाय भाजला तरी कळत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी पाण्याची बाटली गोठवून, तिला पातळ कपडा गुंडाळून दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा. वजन जास्त असेल तर दोन-चार किलो उतरल्यानेही टाचेला जाणवतं, पण त्यासाठी आत्ता लांब चालायला जाऊ नका, सायकल किंवा पोहणं बरं.

माझे पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी जवळजवळ सोडून दिलं होतं. सहाव्या आठवड्यात एके दिवशी चहाचं आधण ठेवल्यावर लक्षात आलं की मी भिंत न धरता इथवर आले. पूर्ण बरं व्हायला नऊ महिने लागले. दहापैकी आठ-नऊ जण असेच वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात, तेव्हा घरच्यांना तेवढं नक्की सांगा.

मात्र काही गोष्टी असतील तर माझं ऐकत बसू नका, हाडाच्या डॉक्टरांकडे जा. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. तळव्यात जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही तासभर आखडते, तर ते संधिवाताच्या प्रकारातलं असू शकतं आणि त्याच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात. सूज, लाली, ताप, किंवा झोपलेलं असतानाही दुखणं, यातलं काहीही असेल तर लगेच. आणि मधुमेह असेल तर कुठलाही व्यायाम सुरू करण्याआधी पाय तपासून घ्या.

आज रात्री पंचा उशाशी ठेवा, उद्या सकाळी पाय खाली सोडण्याआधी दहा वेळा ओढा. सहा आठवड्यांनी इथेच खाली लिहा कसं वाटतंय ते. सँडलच्या तळाचा फोटो टाकलात तर झीज कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगेन.