इमिग्रेशनवाले कुणाला नेत असताना साध्या लोकांनी अडवलं, असं खरंच कुठे घडलंय का?

हो, घडलंय. १३ मे २०२१, ऐन ईदचा दिवस, ग्लासगोच्या केनम्योर स्ट्रीटवर ब्रिटनच्या होम ऑफिसवाल्यांनी (म्हणजे इमिग्रेशन बघणाऱ्या गृहखात्याच्या लोकांनी) सकाळीच दोन भारतीय माणसांना घरातून उचलून व्हॅनमध्ये बसवलं, तर एक जण सरळ त्या व्हॅनखाली जाऊन आडवा झाला आणि तासन्‌तास तिथेच राहिला, तोवर बातमी फिरली नि शेकडो शेजारीपाजारी येऊन रस्ता अडवून बसले. ‘हे आमचे शेजारी आहेत, सोडा त्यांना’ अशा घोषणा. साधारण आठ तासांनी पोलिसांनीच दोघांना सोडलं. मला जाम भारी वाटतं ते हे की लोक हललेच नाहीत. अर्थात सुटका म्हणजे व्हिसा नव्हे, पुढची केस वकील घेऊन लढावीच लागते.