सोलरच्या कामात यायचंय ना, मग आधी सातबारा

अगं, तुझा मेसेज वाचला. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये गेल्याशिवाय रिन्युएबलचं, म्हणजे सोलर-पवनविजेचं वकिली काम मिळत नाही असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते अर्धंच खरंय. बँकांचे कर्जाचे कागद, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार तिकडेच होतात, मान्य. पण प्लांट उभा राहतो तो सिन्नर नाहीतर मालेगावच्या कुठल्यातरी गटावर, आणि तिथल्या इतर हक्कातली नोंद कसली, कुठल्या बहिणीचं नाव वारस फेरफारात राहून गेलंय, जमीन भोगवटादार वर्ग २ आहे का, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही अशी, हे तिकडच्या हुशार पोरांना कळत नाही गं, तुला कळतं.

म्हणून सुरुवातीला सर्च रिपोर्टच, म्हणजे जमिनीची मालकी नि बोजे तपासून द्यायचा अहवाल, कर, पैसे कमी मिळतील, चालेल. वीज विकायचा करार, म्हणजे पीपीए, बहुतेक २५ वर्षांचा असतो, मग भाडेपट्टा निदान तेवढा तरी टिकायला नको? त्यात आपल्याकडे नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवणला आदिवासी खातेदार खूप. जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ पाठच कर, बिगर आदिवासीला ५ वर्षांपर्यंतचा पट्टा द्यायचा तरी कलेक्टरची परवानगी लागते, आणि त्याहून जास्त असेल तर शासनाची मान्यतासुद्धा. एजंट हमखास म्हणेल, मॅडम, पाच-पाच वर्षांचे करून टाकू की! सरळ नाही म्हणायचं. बँक असल्या कागदावर कर्ज देणार नाही हे एक, आणि ते कलम त्या खातेदाराच्या जमिनीसाठी आहे, आपण पळवाट काढायला नाही.

दुसरं म्हणजे कॅप्टिव्ह, म्हणजे कारखान्यांनी स्वतःच्या वापरासाठी स्वतःच्या मालकीचा वीज प्लांट उभारणं. नाशिकच्या अंबड, सातपूर एमआयडीसीतले कारखानदार हेच विचारत येतील. २००५ च्या वीज नियमांतला नियम ३ बघ, वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के मालकी हवी आणि वर्षाला तयार होणाऱ्या विजेपैकी निदान ५१ टक्के त्यांनीच वापरायला हवी. शेअर्स कागदोपत्री घेऊन ठेवतात आणि वापराकडे कुणी बघतच नाही, मग वर्षअखेरीला कॅप्टिव्हचा दर्जा जातो, क्रॉस सबसिडी सरचार्ज, म्हणजे बाहेरून वीज घेणाऱ्यावरचा जादा आकार, बसतो आणि सगळे वकिलाला फोन करतात. शेअरहोल्डर करारात हा वापर कोण मोजणार आणि कमी पडला तर भुर्दंड कुणाचा हे आधीच लिहून घे, तिथे लाजायचं नाही.

पीपीएमधलं चेंज इन लॉचं, म्हणजे कायदा बदलून खर्च वाढला तर भरपाई मिळण्याचं, कलम शिकायला सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा एनर्जी वॉचडॉगचा निकाल घे. प्रकरण कोळशाचं आहे, कंटाळा येईल, तरी वाच, सोलरवाले जीएसटी नाहीतर ड्युटी वाढली की त्याच मुद्द्यावर भांडतात.

फर्मला अर्ज करायचा तर कर, मी अडवत नाही. त्याआधी एमईआरसीच्या, म्हणजे राज्य वीज नियामक आयोगाच्या, साइटवरून कॅप्टिव्हचा एखादा आदेश काढ, फुकट मिळतो, आणि कोण का हरलं ते एका पानात लिहून पाठव. मराठीत लिहिलंस तरी चालेल.