वाचकांचे प्रश्न : वजाबाकी, आठ टॅब आणि तिसरीचा वर्ग

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३२ मुले आहेत आणि शाळेने ८ टॅब दिले आहेत. मिश्र अध्ययन (वर्गातील शिकवणे आणि ऑनलाइन किंवा टॅबवरचे शिकणे यांची सांगड) सुरू करावे, अशी मुख्याध्यापकांची सूचना आहे. टॅब हातात आला की मुले रमतात. पण ती शिकतात का, याची मला शंका वाटते. मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात मिश्र पद्धतीचे निकाल निव्वळ वर्गाध्यापनापेक्षा सरस दिसले खरे. परंतु अशा विद्यार्थ्यांना बहुधा अभ्यासाला वेळही अधिक मिळाला होता आणि शालेय वयोगटावरचे अभ्यास अगदी मोजके होते, हेही त्याच अहवालात नमूद आहे. म्हणून टॅबमुळे आपला जो वेळ मोकळा होईल, तो कोणत्या मुलांसाठी वापरला जातो, यावर मी सर्वाधिक भर देईन.

आठ-आठ मुलांचे चार गट करावेत. एक गट टॅबवर सराव करील, दुसरा जोडीने वाचन करील, तिसरा वहीत उदाहरणे सोडवील आणि चौथा आपल्याजवळ बसेल. पंधरा-वीस मिनिटांनी गटांनी जागा बदलाव्यात. सुरुवातीचे काही दिवस लॉगिन करणे आणि गडबड न करता जागा बदलणे शिकवण्यातच जातील, त्याची घाई करू नये. नवी संकल्पना मात्र टॅबवर सोपवू नये.

आता ५२ वजा २७ हे उदाहरण घ्या. एखादे मूल ३५ लिहिते. ॲप लाल फुली दाखवते आणि तशीच आणखी दहा उदाहरणे पुढे ठेवते, म्हणजे मूल चुकीचाच सराव करत राहते. मुलाने एककाच्या घरात २ मधून ७ वजा करण्याऐवजी ७ मधून २ वजा केले आहेत, हे केवळ टक्केवारी पाहून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष लिहिलेले उत्तर उघडून पाहावे लागते. अशी चूक करणारी चार-पाच मुले दुसऱ्या दिवशी आपल्याजवळच्या गटात घ्यावीत, त्यांच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यावेत आणि दशकाचा एक गठ्ठा त्यांनाच सोडू द्यावा. मुलांनी दिलेली उत्तरे शिक्षकाला पाहता येत नसतील, असे ॲप कितीही आकर्षक असले तरी मी निवडणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळा रोज घरून व्हिडिओ पाहून यायला सांगते. घरात एकच मोबाइल आहे आणि तो संध्याकाळी उशिरा मोकळा होतो. काय करावे?

उत्तर : घरी व्हिडिओ पाहून वर्गात सराव करण्याची ही पद्धत २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांमुळे गाजली, त्यांचे विद्यार्थी माध्यमिक शाळेतील होते. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, टिपणे काढून शिकणे सात वर्षांच्या मुलीला एकटीला जमत नाही, आणि मोठे माणूस शेजारी बसू शकत नाही त्या घरातले मूल विनाकारण मागे पडते. वर्गशिक्षिकांना भेटून ही अडचण स्पष्टपणे सांगावी आणि व्हिडिओ शाळेतच दाखवण्याची विनंती करावी. कोलिब्रीसारख्या मोफत शैक्षणिक सॉफ्टवेअरवर असे साहित्य एकदा साठवले की शाळेत ते इंटरनेटशिवायही चालते. घरी तिच्याकडून रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचून घेतलेत, तरी या वयात ते पुरेसे आहे.